मातीतल्या खेळांची वार्ता कोण छापणार?

२०२५ सालच्या जानेवारीत दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९ तारखेस शेवटचे सामने होऊन पुरुषांत व स्त्रियांत, दोन्हींत, आपल्या देशाने नेपाळास हरवून करंडक घेतला. स्त्रियांची कप्तान प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा कप्तान प्रतीक वाईकर, दोघेही आमच्या पुणे जिल्ह्यात खेळून मोठे झालेले. आम्ही दौंड तालुक्यात भीमेच्या काठी एका गावात मास्तरकी करतो, आणि आमच्या शाळेतल्या मुली खो-खो खेळतात. दुसरे दिवशी सकाळी त्या आमच्या दारात उभ्या. म्हणाल्या, "गुरुजी, पेपर आणा आन् कसं जिंकलं ते वाचून दाखवा."

गावात पत्र येते ते ऊन वर आल्यावर. म्हणून आम्ही शाळा भरण्यापूर्वी मोटारसायकलीवर दौंडास गेलो आणि स्टेशनाबाहेरून तीन पत्रे घेतली. दोन मराठी आणि एक इंग्रजी, देशभर खपणारे. बातमी होती. नव्हती म्हटले तर ते खोटे होईल. करंडक उचललेल्या मुलींचे चित्र होते, ७८ विरुद्ध ४० असे गुण होते, आणि कोणकोणत्या मोठ्या माणसांनी अभिनंदन केले ते होते. आमच्या मुलींस जे हवे होते तेवढे मात्र नव्हते. कोणत्या तुकडीने किती वेळ संरक्षण केले, खांबापाशी सूर मारून गडी कोणी टिपला, नेपाळच्या मुली कोठे चुकल्या, याचे एक अक्षर नाही. शेजारच्या रकान्यात एका क्रिकेटवाल्याच्या पाठदुखीची हकिगत मात्र दवाखान्यातल्या केसपेपरासारखी तपशीलवार दिली होती. मुलींनी चित्र कापून वर्गाच्या भिंतीस चिकटवले आणि त्या खेळावयास गेल्या.

यानंतर दोनच आठवड्यांनी, २ फेब्रुवारीस, अहिल्यानगरास महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या होत्या. उपांत्य फेरीत निकालावरून तंटा झाला आणि एका मल्लाने पंचास लाथ मारली. झाले! त्या रात्री मराठी, हिंदी, इंग्रजी, साऱ्या वाहिन्यांवर ती लाथ पुन्हा पुन्हा दाखविली गेली. ज्या पत्रांनी वर्षभर कुस्तीस चार ओळी दिल्या नव्हत्या त्यांनी पहिल्या पानावर जागा दिली. गदा पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळ यांनी जिंकली, पण आमच्या गावच्या पारावर विचारले तर दहांतल्या आठांस लाथ आठवते, गदा आठवत नाही. तेव्हा आमच्या सातवीतल्या एका मुलीने आम्हांस विचारले, "गुरुजी, आपल्या पोरींनी पण दिल्लीला कुणाला तरी लाथ मारायला पाहिजे होती का?"

आम्हांस त्या वेळी उत्तर देता आले नाही. या लेखाचे निमित्त तेवढेच.

वर्तमानपत्रवाल्यांस विचारावे तर त्यांचे ठरलेले उत्तर असते की, लोकांस जे हवे ते आम्ही छापतो; लोकांस क्रिकेट हवे, त्याला आम्ही काय करणार? हे उत्तर ऐकावयास सोपे आहे, पण खरे नाही. कबड्डीचेच पाहा. १९९० साली आशियाई खेळांत कबड्डी आली तेव्हापासून पुढे कित्येक वेळा आपल्या पुरुषांनी तेथले सुवर्णपदक घरी आणले. त्या सर्व काळात कबड्डीची वार्ता म्हणजे शेवटच्या पानाच्या तळाशी एक चौकट. मग २०१४ साली काही धनिकांनी संघ विकत घेतले, मैदानावर दिवे लावले, रंगीत सदरे चढवले आणि तीच कबड्डी दूरचित्रवाणीवर दाखविली. पहिल्याच वर्षी ती पाहणाऱ्यांची संख्या ४३ कोटींच्या वर मोजली गेली. आता सांगा, हे ४३ कोटी लोक एका रात्रीत उगवले काय? चढाई तीच, पकड तीच, आणि पाहणारेही तेच होते. दाखविणारा तेवढा नव्हता. तेव्हा लोकांस नको म्हणून छापीत नाही, हे म्हणणे दुकानात माल न ठेवता गिऱ्हाईक मागत नाही असे सांगण्यासारखे आहे.

खरे कारण पैसा आहे, आणि ते सांगण्यात लाजण्यासारखे काही नाही. आयपीएल नावाच्या क्रिकेटच्या बाजाराचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे नुसते दाखविण्याचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. खेळांवर या देशात जाहिरातदार व व्यापारी जो पैसा लावतात त्याचा २०२३ सालचा हिशेब निघाला, तेव्हा शंभरांतले सुमारे ८७ रुपये एकट्या क्रिकेटचे निघाले. उरलेल्या तेरांत कुस्ती, कबड्डी, खो-खो, हॉकी, धावणे, नेमबाजी सर्वांनी वाटून घ्यायचे. जेथे जाहिरात तेथे पान, आणि जेथे पान तेथे वार्ताहर. आमच्याच शाळेच्या मुली एकदा तालुक्यात पहिल्या आल्या. आम्ही चार ओळी लिहून एका पत्राच्या तालुक्याच्या माणसाकडे नेल्या. त्याने चहा पाजला, मुलींचे कौतुक केले आणि विचारले, "सरपंचांची अभिनंदनाची जाहिरात मिळेल का? म्हणजे बातमी सोबत घेता येईल." त्या बिचाऱ्यालाही वरून आकडा गाठावयाचा असतो हे आम्ही जाणतो. सरपंचांनी जाहिरात दिली नाही, बातमी आली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आमचे क्रिकेटशी वैर नाही. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणाऱ्या पळवणकर बाळू या चांभार समाजातल्या गड्याने १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, आणि ज्या हिंदूंच्या संघात त्यास चहा वेगळ्या भांड्यात देत असत त्याच संघाचा कप्तान पुढे १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल झाला. त्या काळी वर्तमानपत्रांत या भावंडांच्या खेळाची चर्चा होत होती म्हणून त्यांस डावलणे कठीण गेले. छापलेल्या अक्षरात हे बळ असते. ते बळ एका खेळाच्या पदरात सगळे घालावे आणि बाकीच्यांच्या वाट्यास लाथाबुक्क्यांची वेळ तेवढी ठेवावी, याबद्दल आमची तक्रार आहे.

भीमा ओलांडून श्रीगोंदा, कर्जत मागे टाकले की बीड जिल्ह्याचा आष्टी तालुका लागतो. तेथल्या मांडवा गावच्या शेतमजुरी करणाऱ्या घरातला अविनाश साबळे. शाळेस पळत जाणारा, पुढे फौजेत महार रेजिमेंटात भरती झालेला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांत त्याने तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. त्या शर्यतीत १९९८ पासून २०१८ पर्यंत प्रत्येक वेळी तिन्ही पदके केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. तो गड अविनाशने फोडला, आणि सोने त्याच्या हातून किती फरकाने गेले? एका सेकंदाचे शंभर भाग करा, त्यांतले पाच. ८ मिनिटे ११ सेकंद आणि २० शतांश विरुद्ध ८ मिनिटे ११ सेकंद आणि १५ शतांश. बातमी पत्रांत आली, आणि चांगली मोठी आली. पण आमच्या पोरांनी विचारले, "गुरुजी, ही शर्यत असते कशी?" हे त्या बातमीत कोठेच नव्हते. आम्ही इकडेतिकडे शोधून काढले. सुमारे तीन फूट उंचीचे पक्के अडथळे, धक्का लागला तरी न पडणारे. असे अठ्ठावीस वेळा ओलांडायचे, आणि शिवाय सात वेळा अडथळ्यावरून सुमारे बारा फूट लांबीच्या पाण्याच्या खड्ड्यावर उडी घ्यायची. ओला बूट घेऊनच पुढे पळायचे.

हे कळल्यावर पोरांनी काय केले? मुठा कालव्याची चारी शाळेच्या मागून जाते. रिकामी असताना तीवर ही पोरे दोन दिवस उड्या मारीत होती. एकाचा पाय मुरगळला, त्याच्या आईने आमची चांगलीच कानउघाडणी केली, आणि ती रास्तच होती. पण आमचे म्हणणे असे की, जी गोष्ट खेडेगावच्या पोरास चारीवरच्या उडीतून चटकन समजते, ती समजावून सांगण्यास पत्रांस चार ओळी महाग का व्हाव्या? पुढे २०२३ साली हांगचौच्या आशियाई खेळांत अविनाशने याच शर्यतीत सोने घेतले आणि २०२४ साली पॅरिसला ८ मिनिटे ९ सेकंद ९१ शतांश असा राष्ट्रीय विक्रम केला. आमच्या शाळेत आता हे आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत.

दुसरे उदाहरण स्वप्नील कुसाळे यांचे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा शिक्षकाचा मुलगा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकात पन्नास मीटर रायफलीच्या तीन अवस्थांच्या नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्राच्या खेळाडूचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक म्हणजे १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत आणलेले. त्यानंतर हे, बहात्तर वर्षांनी. कुसाळे तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. दौंडच्या फलाटावर काळ्या कोटातले तपासनीस आमच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले, म्हणून ही गोष्ट त्यांस फार जवळची वाटली. पण विचार करा, ३१ जुलैस हे नाव किती जणांस ठाऊक होते? ऑलिंपिकातली जागा देशासाठी त्यांनी २०२२ सालीच कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथे येऊन मिळवली होती. मधली दोन वर्षे त्यांच्या सरावाची, दुखण्याची, खर्चाची वार्ता कोणी सांगितली? स्वतः कुसाळे सांगतात की त्यांस धीर मिळाला तो धोनी या क्रिकेटपटूपासून, कारण तोही एकेकाळी रेल्वेत तिकिटे तपाशीत असे, आणि त्याचा चित्रपट त्यांनी अनेकदा पाहिला. यात धोनीचा मोठेपणा आहेच. पण एका नेमबाजास नेमबाजाची गोष्ट वाचावयास मिळू नये, याचा दोष कोणाचा?

खाशाबांचे तर बोलणेच नको. हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. पदक घेऊन परतल्यावर कराडच्या बाजूच्या लोकांनी शंभरावर बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली आणि खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते ऋण फेडले. १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. २०२३ च्या १५ जानेवारीस, त्यांच्या जन्मदिनी, गूगल या परदेशी कंपनीने आपल्या पानावर त्यांचे चित्र काढले, तेव्हा शहरांतली शिकली-सवरली मंडळी एकमेकांस विचारू लागली की हे गृहस्थ कोण?

कोणी म्हणेल, मास्तर, नाव छापून आले काय नि न आले काय, पोट थोडेच भरते? भरते, म्हणून तर हा खटाटोप. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी शंभरात पाच जागा राखीव आहेत. दहावी-बारावीस खेळाचे वाढीव गुण मिळतात. पोलिसांत, फौजेत, रेल्वेत खेळावर माणसे घेतात. दौंडास राज्य राखीव पोलिस दलाचा तळ असल्याने भरतीची घाई आम्ही डोळ्यांनी पाहतो. पहाटे चारला उठून रस्त्यावर पळणारी ती पोरे शेतकऱ्यांची, सुतार-लोहारांची, कुंभार-न्हाव्यांची असतात. आता काही वर्षांपूर्वी काय उघडकीस आले ते आठवा. खेळाची खोटी प्रमाणपत्रे पैसे देऊन मिळवून कित्येकांनी या राखीव जागा बळकावल्या होत्या. ज्याने कधी मैदान पाहिले नाही तो राज्यस्तरीय खेळाडू झाला, आणि ज्याने गुडघे फोडून घेतले तो घरी बसला.

हे कसे घडू शकले? स्पर्धा झाली की नाही, झाली तर कोण खेळले, कितवे आले, याचा छापील पुरावा कोठेच नव्हता म्हणून. क्रिकेटमध्ये अशी लबाडी करून पाहा! जिल्ह्याच्या सामन्याचासुद्धा धावफलक निघतो. कोणी किती चेंडू खेळले, कोणी झेल सोडला, सारे अक्षरांत असते. तसा जिल्ह्याच्या कबड्डीचा, खो-खोचा, मैदानी स्पर्धांचा निकाल नावागावासह दुसऱ्या दिवशी पत्रांत छापून येता, तर खोटे प्रमाणपत्र दाखविणाऱ्याची छाती झाली नसती. छापलेला निकाल गरिबाच्या पोराचा साक्षीदार असतो. साक्षीदार नसलेल्या खटल्यात कोण जिंकतो, हे आमच्या बांधाच्या भांडणांनी पोळलेल्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

तरी सगळा दोष पत्रांच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. आपल्या जत्रेतला आखाडा डोळ्यापुढे आणा. हलगी कडाडते, लाल माती भिजवून सारखी केलेली असते, रेवड्यांवरच्या लहान पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या लाखाच्या कुस्तीपर्यंत सारे गाव उन्हात बसते. ध्वनिक्षेपकावरचा माणूस काय सांगतो? इनाम कोणातर्फे, फेटा कोणातर्फे, आखाड्यास कोणाची उपस्थिती लाभली. पैलवान शड्डू ठोकून उभे आणि यांचे सत्कार चाललेले. कुस्ती घिस्सा डावावर झाली की ढाक लावून, किती मिनिटांत झाली, पैलवान कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, हे टिपून ठेवणारा एक माणूस त्या हजारांत नसतो. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर येते: "कुस्त्यांचा आखाडा उत्साहात." त्याखाली व्यासपीठावरच्या तीस जणांची नावे, आणि शेवटी "आदी मल्लांनी कुस्त्या केल्या." हा मजकूर बहुधा आपणच, जत्रा कमिटीच लिहून देते. पैलवानास "आदी" करून टाकणारे आपण, दिल्लीच्या पत्रांस कोणत्या तोंडाने बोल लावणार?

तरुण मंडळी म्हणतात, आता मोबाइलवर सगळे दिसते, पत्रांची गरज काय? खेडोपाडीचे आखाडे आता जागच्या जागी मोबाइलवर दाखवितात आणि लोक आवडीने पाहतात, ही चांगलीच गोष्ट झाली. आम्हीही पाहतो. परंतु कॅमेऱ्यास जे समोर आहे तेवढेच दिसते. वजन नीट झाले काय, पंचाचा निकाल नियमास धरून होता काय, इनामाची बोललेली रक्कम पुरती हातावर पडली काय, मुलींच्या शिबिरात राहण्याची सोय कशी होती, एखादा पैलवान अंगात औषधे टोचून उतरला काय, हे विचारणारा माणूस लागतो. विचारून छापणारे पत्र लागते. अहिल्यानगरच्या त्या निकालावरून एवढा गदारोळ झाला, पण दोन्ही खांदे टेकले म्हणजे नेमके काय, पंचाने काय पाहावे, मल्लास दाद कोठे मागता येते, हे सविस्तर समजावणारा मजकूर आम्ही फार शोधला. लाथेची चित्रे मात्र अजून फिरत आहेत.

आम्ही आमच्या परीने एक काम हाती घेतले आहे. यंदाच्या जत्रेपूर्वी कमिटीच्या मंडळींस भेटून एक जाड पुठ्ठ्याची वही दिली. तीत रकाने आखले आहेत: पैलवानाचे नाव, गाव, तालीम, वस्ताद, जोड कोणाशी, डाव, वेळ, निकाल, इनाम बोलले किती आणि दिले किती. शेवटच्या रकान्यावर कमिटीच्या एका सभासदांनी कुरकुर केली, पण तो आम्ही काढला नाही. लिहिण्याचे काम आठवीच्या दोन मुली व एक मुलगा करणार, मुलींनी आखाड्यात बसावे की नाही यावर दोन दिवस काथ्याकूट झाला, अखेर पाटलांच्या म्हाताऱ्या आईने "लिहायला बसतीत, कुस्ती खेळायला न्हाई, आन् खेळल्या तरी काय बिघडलं?" असे म्हणून तो मिटविला. तालुक्याच्या शालेय स्पर्धांसही हीच वही जाईल. नकला करून त्याच रात्री सर्व पत्रांकडे धाडू. छापोत न छापोत. शिरूर-दौंडकडच्या मास्तर बंधु-भगिनींनी आपापल्या गावी असे केले तर वर्षाअखेर दोन तालुक्यांचा पुरा निकाल एका ठिकाणी मिळेल, आणि उद्या कोणी प्रमाणपत्र घेऊन आला तर वही उघडून पाहता येईल.

शिवाय एक करावे. जे पत्र आपण पैसे देऊन घेतो त्यास महिन्यातून एक पत्र लिहावे: अमुक तारखेस अमुक राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचा निकाल आपल्या अंकात नव्हता, का? शंभर गावांतून अशी शंभर पत्रे गेली तर संपादकास ती टोपलीत टाकतानाही मोजावी लागतील.

या साप्ताहिकाच्या चालकांसही आमची विनंती आहे की, शेवटच्या पानावरचा एक रकाना यासाठी मोकळा ठेवावा. आमच्या वहीची पहिली नकल जत्रा झाल्यावर येणाऱ्या गुरुवारच्या टपालाने निघेल. अक्षर मुलींचे आहे; शुद्धलेखन आम्ही तपासून देऊ.